दारातले दोघे

जर्सी सिटी
रविवार, ८ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझ्या केदारने तुझी अट कळवली. फोनवर तो स्पीकर लावतो, घरातले सगळे ऐकत बसतात, तेव्हा मनातलं काही बोलायचं असेल तर आश्लेषाने पत्र लिहावं आणि तेही हाताने. लिहिते आहे. माझं अक्षर गेल्या पंचवीस वर्षांत सह्यांपलीकडे कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

काम सांगते. यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीतला देखावा माझ्याकडे आहे. ६ सप्टेंबरला, शनिवारी, इथल्या शाळेचं ऑडिटोरियम घेतलंय. दर वर्षी थर्मोकोलचं मंदिर नाहीतर किल्ला असतो. मला सजीव देखावा करायचाय, तू नागपूरला गल्लीच्या मंडळासाठी बसवायचीस तसा. पडदा उघडला की माणसं पुतळ्यासारखी उभी, मागून निवेदन, अडीच-तीन मिनिटांत पडदा बंद. तू लोकांना इतकं स्तब्ध कसं उभं करायचीस, ते मला शिकव.

विषय एक चित्र आहे. माझ्या ऑफिसात लूसिया म्हणून एक जण आहे, उरुग्वेची. तिच्या डेस्कसमोर तिच्या देशातल्या एका चित्रकाराच्या चित्रांचे प्रिंट लावलेले असतात. हुआन मानुएल ब्लानेस. एकोणिसाव्या शतकातला. मैदानावरचे गुराखी, त्यांचे घोडे, कुंपणाला टेकून संध्याकाळ बघणारा एखादा एकटा माणूस, असं त्याने पुष्कळ काढलंय. इतिहासातले मोठे प्रसंगही काढलेत. पण माझी नजर तिथल्या तिसऱ्याच चित्रावर थांबली.

१८७१ मध्ये ब्वेनोस आयरेसला पिवळ्या तापाची साथ आली होती. चित्रात एक गरिबाची खोली आहे. जमिनीवर एक तरुण बाई मरून पडली आहे, तिचं तान्हं बाळ तिला बिलगून दूध शोधतंय. मागे पलंगावर नवराही गेलेला. आणि दार उघडलंय. दारात काळ्या कपड्यातले दोन पुरुष आहेत. मदत समितीचे. पुढे ते दोघंही त्याच साथीत वारले, असं लूसिया म्हणाली. चित्र पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा गावभरच्या लोकांनी ते बघायला गर्दी केली होती.

मी का हे करतेय, ते तुला सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये आई गेली तेव्हा माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता, कॉन्सुलेट बंद होतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. विक्रमचं इथलं राहणं माझ्या नोकरीवर, आणि रुही सात वर्षांची. मी फोनच्या स्क्रीनवर बघत बसले. चार वर्षं मी एकाच गोष्टीवर तगून आहे, की तू तिच्याजवळ होतीस. साऱ्या नागपुरात लोक दारं लावून बसले होते आणि तू उंबरा ओलांडून आत गेलीस, तिला पाणी पाजलंस, तिचा हात धरलास. त्या दारातल्या माणसांकडे बघितलं की मला तू दिसतेस.

म्हणून हा देखावा तुझ्या नावाने करायचाय. नाही म्हणू नकोस.

तुझी,
आश्लेषा

*

रेडमंड
१९ जून

चि. आश्लेषा, सुखात राहा.

पत्र मिळालं. अक्षर वाईट नाही, ओळी तेवढ्या वर चढतात.

आधी तुझ्या कामाचं. माणूस हलतो तो पायांमुळे. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं करशील तर मिनिटभरात डुलायला लागेल. एक पाय पुढे, वजन मागच्या पायावर, गुडघा किंचित सैल. डोळे एका ठिकाणी खिळवायचे, पण माणसाच्या चेहऱ्यावर नाही, नाहीतर हसू येतं. खिळ्यावर, भिंतीच्या सांध्यावर. हात अधांतरी ठेवायचा नाही, काठी, टोपी, पदर, काहीतरी धरायला द्यायचं. आमच्याकडचा एक दुकानदार भीष्म म्हणून झोपला होता, तो खरंच झोपला आणि घोरायला लागला. तेव्हा तालीम पोटभर जेवणानंतर ठेवायची नाही.

आता दुसरं. गणपतीपुढे मेलेली बाई कशाला गं? लोक सणाला येतात. सुना नवे कपडे घालून येतात, कुणाला दिवस गेलेले असतात. केदारने मला त्या चित्रकाराची इतर चित्रं कॉम्प्युटरवर दाखवली. ते शपथेचं चित्र किती छान आहे. तेहतीस माणसं नदीकाठी उतरली आहेत, झेंडा आहे, आपला देश सोडवायची शपथ घेतात. आपल्या लोकांना पटकन कळेल. नाहीतर एक गुराखी उभा कर, मागे संध्याकाळ रंगव. तेवढंही पुरे.

आणि माझं नाव कुठेही नको. हे मी विनयाने म्हणत नाही. खरंच नको.

रुहीला पापा. ती मराठी वाचायला शिकली का? इथे केदारचा आर्य मला ‘आजी, व्हॉट्स फॉर डिनर’ एवढंच म्हणतो आणि मी सांगते तेही त्याला आवडत नाही.

रत्नामावशी

*

जर्सी सिटी
६ जुलै

प्रिय मावशी,

तुझं आणि आमच्या कमिटीचं आतून काही बोलणं झालंय का? काल मीटिंग होती. यतीन आमचा अध्यक्ष आहे, बँकेत आहे, मनुष्य भला पण सगळ्यांना खूश ठेवायच्या नादात असतो. तोही म्हणाला, शपथेचं चित्र घे. का, तर तेहतीस जण लागतात. तेहतीस मुलांना रोल मिळेल, सहासष्ट आईवडील येतील, कुणी रुसणार नाही. हिमानी म्हणाली, डेड बॉडी दाखवणार असू तर तिच्या सासूबाई प्रसादाला हात लावणार नाहीत. नकुल म्हणाला, “यार आश्लेषा, लोकांना एक दिवस तरी रिलॅक्स होऊ दे ना.”

मी वाद घातला नाही. मी फक्त विचारलं, कोविडच्या त्या दोन वर्षांत ज्यांचं घरचं माणूस तिकडे गेलं आणि ज्यांना जाता आलं नाही, त्यांनी हात वर करा.

आम्ही नऊ जण होतो. सगळ्यात आधी हिमानीने हात वर केला. मग आणखी तिघांनी. यतीन कागदावर काहीतरी गिरवत होता. गिरवता गिरवताच म्हणाला, “माझे बाबा. ऑफिसचा कॉल चालू होता, मी म्यूट करून फोनवर त्यांना बघत होतो.” आणि त्याने पेन खाली ठेवलं.

दर आठवड्याला आम्ही भेटतो, आपापले डबे आणून पॉटलक करतो, एकमेकांची मुलं सोडायला-आणायला जातो. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

देखावा होणार. गणपती जिममध्ये बसेल आणि देखावा ऑडिटोरियममध्ये, ज्यांना नको असेल त्यांनी तिकडे येऊ नये, असं ठरलं. दारातले दोघे यतीन आणि नकुल. जमिनीवरची बाई व्हायला कुणीच तयार होईना, तेव्हा ती मी. रुहीने तिची जुनी बाहुली बाळ म्हणून दिलीय. मी सराव म्हणून हॉलमध्ये आडवी पडले होते, तर म्हणाली, “आई, यू लुक टू डेड. प्लीज स्टॉप.”

निवेदनही लिहिलंय. शेवट असा आहे: ‘नागपुरातही एक बाई होती. सगळी दारं बंद असताना तिने बहिणीचा उंबरा ओलांडला. हा देखावा रत्नामावशीसाठी.’

तू नको म्हणालीस ते मी वाचलं. पण तू नेहमी अशीच मागे राहतेस. या वेळी मी ऐकणार नाही. बाकी काही चुकत असेल तर सांग.

तुझी,
आश्लेषा

*

रेडमंड
२१ जुलै

चि. आश्लेषा,

चुकतंय. उंबरा ओलांडला हे चुकतंय.

मी आत गेले नव्हते.

हे वाक्य लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता पुढचं लिहिते, मध्ये थांबणार नाही.

ताईच्या घराला आत लाकडी दार आणि बाहेर जाळीचं. जाळीबाहेर एक स्टूल होतं. मी सकाळ-संध्याकाळ डबा आणायचे, स्टुलावर ठेवायचे आणि चार पावलं मागे सरायचे. ती येऊन घ्यायची. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. आतून म्हणाली, “रत्ना, आत येऊ नकोस.” मी म्हटलं, “नाही येत.” इतक्या पटकन म्हटलं की ते मला अजून ऐकू येतं. तिला दुसऱ्यांदा सांगावंही लागलं नाही.

मला दमा आहे. केदारने इथून फोन करून, जाऊ नकोस म्हणून विनवलं होतं. दोन्ही खरं आहे. पण ही कारणं मी नंतर गोळा केली. जाळीपाशी उभी होते तेव्हा माझ्याजवळ एकच गोष्ट होती, भीती.

आत गेली ती रेखा. तळमजल्यावर भाड्याने राहायची, एका हॉस्पिटलात आया होती. तू तिला ओझरतं पाहिलं असशील. ड्यूटीवरून आली, मला दारात पाहिलं. हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मला बाजूला करून आत गेली. पाणी तिने पाजलं. कूस तिने बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली तेव्हा ताईचा हात रेखाच्या हातात होता.

तू फोनवर विचारलंस, मावशी, तू जवळ होतीस ना. तुझा चेहरा तेवढ्याशा चौकोनात होता. मी हो म्हटलं. तू विचारलंस, पाणी दिलंस? मी हो म्हटलं. मग दर वेळी तू मला त्याबद्दल काही बोलायचीस आणि मी ते घेत गेले. रेखाने केलेलं चार वर्षं माझ्या नावावर राहिलं.

तुझ्या चित्राचा प्रिंट केदारकडून काढून घेतला आणि भिंग लावून पाहिला. तुला ते दोघं आत आलेले दिसतात. नीट बघ. ते दारातच आहेत. एकाने टोपी काढून हातात घेतलीय. पुढचं पाऊल ते टाकणार का, ते चित्रकाराने काढलेलंच नाही. मी हे चित्र गणपतीपुढे नको म्हटलं. मला ते बघवत नव्हतं, एवढंच होतं.

त्या चित्रकाराबद्दलही वाचलं. मोठा मुलगा अपघातात गेला, धाकटा इटलीत बेपत्ता झाला. म्हातारपणी त्याला शोधायला गेला आणि मुलगा न सापडताच तिथे वारला. तो निदान गेला तरी.

आता काय करायचं ते तू ठरव. मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

रत्ना

*

जर्सी सिटी
२४ ऑगस्ट

मावशी,

महिना उलटून गेला. तू केदारला दोनदा फोन करायला लावलास आणि मी दोन्ही वेळा उचलला नाही, हे तुला ठाऊक आहे. राग आला होता. अजून आहे. आईसाठी नाही, माझ्यासाठी. मला जर तेव्हाच कळलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. पण जे केलं असतं ते खऱ्या गोष्टीवर केलं असतं.

पहिला आठवडा मी देखावा कॅन्सल करायच्या विचारात होते. यतीनला मेल लिहिली, पाठवली नाही. मग मी रेखाचा नंबर शोधायला घेतला. घरमालकांचा मुलगा, त्याच्या ओळखीचा किराणावाला, तिच्या हॉस्पिटलातली एक सिस्टर, असं करत अठरा दिवस लागले. ती आता चंद्रपूरला मुलीकडे असते. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी विचारलं, “बाळ मोठं झालं का?” म्हणजे रुही. आई तिला रुहीचे फोटो दाखवायची म्हणे.

मी आभार मानायला लागले, तर तिला अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, माझं ते रोजचंच काम होतं. मग तिने मला एक सांगितलं, जे तुझ्या पत्रात नाही. तिचे शब्द मी लगेच लिहून ठेवले:

“तुमच्या मावशी जाळीपाशी उभ्याच होत्या. मी खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. बोलत होत्या सारख्या. लहानपणचं, शाळेचं, कुणाच्या लग्नाचं. आवाज येत होता तोवर तुमच्या आई शांत पडून असायच्या. मावशी थांबल्या की त्या दाराकडे बघायच्या. मग मीच बाहेर ओरडायचे, बाई, बोला.”

तू हे का लिहिलं नाहीस? मोजण्यासारखं वाटलं नाही म्हणून?

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण अजून माझं मला नक्की माहीत नाही. पण मी ते चित्र पुन्हा पाहिलं आणि तुझं बरोबर आहे. ते दारातच आहेत. गेले तीन महिने मी त्यांना मनानेच आत नेऊन ठेवत होते. मला ते आत हवे होते. आता मला ते तसेच हवेत, जिथे आहेत तिथे.

निवेदन बदललंय. शेवट असा: ‘आत गेली ती रेखा. दारात उभी राहिली ती बहीण. आणि जिला दारापर्यंतही येता आलं नाही, ती मुलगी.’ रेखाची परवानगी घेतली आहे. तुझी घेत नाही.

दुसरं म्हणजे नकुलच्या आईने त्याला मनाई केली. त्यामुळे दारातली एक जागा रिकामी आहे. यतीन म्हणाला, दुसरा कुणीतरी शोधू. मी म्हटलं, शोधलाय. केदारशी बोलून तिकीट काढलंय, ३ सप्टेंबर, सिअॅटलहून नूअर्क, आइल सीट, तुला सारखं उठावं लागतं म्हणून. कोट-टोपी घालायची नाही. तुझी रोजची साडी नेस. चित्रात साडी नाही हे कुणी काढलं तर मी बघून घेईन.

अडीच-तीन मिनिटं उभं राहायचं आहे. तुला येतं ते.

आश्लेषा

*

रेडमंड
१४ सप्टेंबर

चि. आश्लेषा,

नीट पोचले. केदार म्हणतो, फोन कर. पण देखाव्याच्या वेळी तू डोळे मिटून पडली होतीस, तुला काहीच दिसलं नाही. ते मला लिहूनच सांगायचंय.

आधी तालमीचं. शुक्रवारी मी दारात उभी राहिले, तू जमिनीवर, तुझा एक हात पसरलेला. मला तिथे उभं राहवेना. चपला काढल्या आणि आत यायला निघाले. तू डोळे न उघडता म्हणालीस, “मावशी, तिथेच थांब. तू तिथेच होतीस.” आवाजात राग नव्हता. मी परत दारात गेले. माझ्या मनात इतकी वर्षं एकच होतं, की एकदा तरी आत जायला मिळावं. तू ते देऊ केलं असतंस तर मी घेतलं असतं आणि पुन्हा एक खोटं झालं असतं.

शनिवारी पडदा उघडला तेव्हा पहिल्यांदा एक बाळ ओरडलं आणि कुणीतरी त्याला बाहेर नेलं. मग आवाज नाही. पंख्याचा तेवढा. हिमानीच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आल्या होत्या तर. निवेदनात रेखाचं नाव आलं. बहीण आली. मला वाटलं होतं, तीनशे माणसं माझ्याकडे बघत आहेत हे मला सहन होणार नाही. पण प्रेक्षकांत कुणी डोळे पुसत होतं, कुणी चष्मा काढत होतं, आणि मला कळलं की यातलं माझ्याकडे कुणीच बघत नाहीये. जो तो आपापल्या दारात उभा होता.

माझ्या शेजारी यतीनच्या हातातली टोपी थरथरायला लागली. मी ओठ न हलवता म्हटलं, “टोपी.” तो म्हणाला, “काकू, नाही जमत.” मी म्हटलं, “वजन मागच्या पायावर घे. जमेल.” त्याने घेतलं. मग आम्ही दोघंही उभे राहिलो.

मी सगळ्यांना सांगते, नजर खिळ्यावर ठेवा, माणसावर नाही. मीच ते पाळलं नाही. मी तुझ्याकडे बघत होते. सुरुवातीला मला तिथे ताई दिसली. तुझा पाय तिच्यासारखाच, अंगठा बाहेर वळलेला. मग निवेदनाच्या मध्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मेलेल्या बाईचं पोट हलतंय. श्वास रोखून धरायचं तुला जमत नव्हतं. चांगलं दिसण्याइतकं हलत होतं, वर, खाली, आणि बाळ म्हणून ठेवलेली ती बाहुली त्याच्याबरोबर वर-खाली होत होती. आमच्या गल्लीत कुणी असं केलं असतं तर पडदा बंद झाल्यावर मी त्याला सर्वांदेखत झापलं असतं.

पडदा बंद होईपर्यंत मी तेवढंच बघत उभी होते.

मावशी